‘नको’ म्हणायला पैसे कोण देणार?

गेल्या पावसाळ्यात नगरला एका चर्चासत्राला गेले होते. विषय होता, ‘सार्वजनिक आरोग्यसेवेत खाजगी क्षेत्राचा सहभाग’. सहभाग हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. ग्रामसभेतही आपला सहभाग असतो. म्हणजे आपण सतरंजीच्या कडेला बसतो आणि शेवटी रजिस्टरवर अंगठा नाहीतर सही करून घरी येतो. खाजगी क्षेत्राचा सहभाग असा नसतो. ते सतरंजीवर बसत नाहीत.

व्यासपीठावरच्या एका डॉक्टरसाहेबांनी फार सोपं करून सांगितलं. म्हणाले, “आजारी माणसाला उपचाराशी मतलब. दवाखान्याचा मालक कोण, याच्याशी त्याला काय करायचंय? सरकारनं दवाखाने चालवत बसू नये. सरकारनं पैसे द्यावेत, सेवा आम्ही देऊ.” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आमच्या तालुक्यातली एक आशाताई बसली होती, तिनंही वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी मी तिला विचारलं, तर म्हणाली, “चांगलं बोलले ना ताई. आपल्या सरकारी दवाखान्यात काय मिळतं?”

मी हा लेख त्या डॉक्टरसाहेबांपेक्षा माझ्या या आशाताईसाठी लिहिते आहे.

नगरच्या सीएसआरडीतून मी एमएसडब्ल्यू केलं आणि गेली दहा-अकरा वर्षं पाथर्डी-शेवगाव भागात काम करते. हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा भाग. नगर जिल्ह्याची (आता अहिल्यानगर म्हणायचं) गंमत अशी की साखर उत्तरेत पिकते आणि ती तोडणारे हात दक्षिणेत. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी उभा राहिला, त्याचा अभिमान शाळेच्या पुस्तकातून आम्हाला शिकवला गेला. त्या कारखान्याच्या गव्हाणीत ऊस टाकायला जी माणसं लागतात, ती दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, जामखेड, शेवगाव, पलीकडं आष्टी, पाटोदा, शिरूर कासार इथून निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. आजारपणामुळं एक दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. हे मी आजवर कुठल्या बैठकीत सांगितलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी एका वस्तीवरची बाई माझ्याकडं आली. वय एकोणतीस. दोन लेकरं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. मी तिला वहिनी म्हणते, इथंही तेच म्हणेन. वहिनीला वर्षभर अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखायचं, कंबर धरायची. उपकेंद्रातल्या सिस्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दोनदा गेली, दोन्ही वेळा बाईडॉक्टर नव्हत्या. पुरुष डॉक्टरनं टेबलावर न घेता, लांबूनच विचारून, पुन्हा गोळ्या दिल्या. मग ती खाजगीत गेली. तिथं सोनोग्राफी झाली. पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल, असं सांगितलं गेलं. ऑपरेशनचे तीस हजार, औषधं वेगळी. ती माझ्याकडं आली ती सल्ला विचारायला नव्हे, कार्ड विचारायला. त्या वर्षी आमची संस्था जनआरोग्य योजनेची माहिती देत वस्त्या-वस्त्यांवर फिरत होती. मी काउंटरवर चौकशी केली. हे कार्डात बसणार नाही असं सांगण्यात आलं. तेव्हा मुकादमानं पैसे दिले. म्हणजे पुढच्या हंगामाच्या उचलीत धरले.

ऑपरेशनच्या दिवशी नवरा सोलापूर भागात ट्रॅक्टरवर होता. दवाखान्याला संमतीच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी होती. वहिनी म्हणाली, “ताई, तुम्हीच करा. तुम्ही शिकलेल्या.” मी केली. मास्टर्स इन सोशल वर्क अशी माझी पदवी आहे आणि मी त्या कागदावर काय छापलंय तेसुद्धा नीट वाचलं नाही. तपासणीत पाण्याचा नमुना घेतला का, कॅन्सरची चाचणी केली का, नुसतं औषध देऊन पाहिलं का, एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटली एकदाची.

सुटली नाही. तीस वर्षांच्या आतच तिला अंगातून वाफा येऊ लागल्या, झोप उडाली, गुडघे आणि कंबर धरली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती, हे आम्हाला नंतर डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवल्यावर कळलं. त्या म्हणाल्या, “बहुतेक वेळा पांढरं जाणं हा जंतुसंसर्ग असतो. तपासून आठवडाभराच्या गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या, की पुष्कळदा बरं होतं.” आठवडाभराच्या गोळ्या. त्या गोळ्यांची किंमत मी मुद्दाम दुकानात विचारली. ती इथं लिहायला लाज वाटते.

हे फक्त वहिनीचं असतं तर मी माझं पाप माझ्यापाशी ठेवलं असतं. पण जून २०१९ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलेला आकडा आठवा. शेजारच्या एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागं एक! वर्तमानपत्रांत ‘बिनपिशवीच्या बायकांची गावं’ म्हणून गाजलं, दिल्लीहून कॅमेरे आले, गेले. जिल्ह्याची हद्द म्हणजे काही समुद्र नाही. आमच्या पाथर्डीच्या बाया बीडच्या बायांच्याच जोडीनं फडात उतरतात, त्याच मुकादमाची उचल घेतात. फरक एवढाच, की आमची पाहणी कुणी केली नाही.

तेव्हा चर्चा अशी झाली की मुकादम दुष्ट आहेत, बाया अडाणी आहेत आणि काही डॉक्टर लोभी आहेत. तिन्हीत थोडंथोडं खरं असेल. पण मला वाटतं यात मुख्य गोष्ट निसटली, आणि तीच गोष्ट त्या चर्चासत्रातही निसटली.

वहिनीला गरज कशाची होती? तिला टेबलावर घेऊन नीट तपासणारी, ‘तुला काही मोठं झालेलं नाही, ऑपरेशन नको, या गोळ्या घे आणि पंधरा दिवसांनी ये’ असं सांगणारी बाईडॉक्टर हवी होती. तिला ‘नको’ हा शब्द हवा होता. आता मला सांगा, खाजगी दवाखान्यात ‘नको’ म्हणायचे पैसे कोण देतं? दवाखाना बांधायला कर्ज काढलेलं, सोनोग्राफीच्या मशीनचे हप्ते चालू, रुग्ण पाठवणाऱ्याला त्याचा वाटा द्यायचा. डॉक्टर भला असो की बुरा, त्याचं उत्पन्न काहीतरी करण्यात आहे, न करण्यात नाही. पगारावर असलेल्या डॉक्टरला तुमची पिशवी पोटात राहिली काय आणि बाहेर आली काय, महिन्याचे पैसे तेवढेच. तो आळशी असू शकतो, उद्धट असू शकतो, त्याविषयी पुढं बोलतेच. पण ‘नको’ म्हणायला त्याला खिशातून काही मोजावं लागत नाही.

माल विकणारा म्हणतो, गिऱ्हाईकानं मागितलं म्हणून दिलं. त्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, बायाच येऊन म्हणतात काढून टाका. खरंच म्हणतात! पाळीत मोळी उचलायची, फडात आडोसा नाही, पाणी नाही, खोपीत कापड बदलायला जागा नाही, आणि एक दिवस झोपलं तर खाडा. अशा बाईला पिशवी म्हणजे कटकटच वाटणार. त्यात कॅन्सरची भीती घातली की झाली मागणी तयार. बाजारात बाईच्या भीतीला मागणी म्हणतात, मैत्रिणींनो. आणि मागणी तिथं पुरवठा, हे तर शास्त्रच आहे.

हे केवळ बीडचं नाही आणि पिशवीपुरतंही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की देशात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खाजगीत झाल्या होत्या. पुढच्या, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात बाळंतपणाचे आकडे पाहा. देशात सरकारी दवाखान्यांत शंभरातली १४ बाळंतपणं सिझेरियननं झाली, खाजगीत ४७. त्याच देशातल्या त्याच बाया. त्यांची हाडं सरकारी दारातून आत गेल्यावर रुंद होतात आणि खाजगी दारातून गेल्यावर अरुंद होतात की काय?

“म्हणूनच तर विमा पाहिजे,” असं चर्चासत्रातल्या दुसऱ्या वक्त्यांचं म्हणणं होतं. “गरिबाच्या खिशातून पैसा जायला नको, सरकार भरेल.” ऐकायला चांगलं वाटतं. पण हा प्रयोग आधीच होऊन गेलेला आहे. २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, कुटुंबाला वर्षाला तीस हजारांपर्यंत. २०१२ च्या सुमारास बिहार आणि छत्तीसगडमधून बातम्या येऊ लागल्या, की खाजगी रुग्णालयं कार्डधारक बायकांच्या पिशव्या सर्रास काढत आहेत. राजस्थानातूनही अशाच तक्रारी होत्या. डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले, याचिका २०१३ ची. निकाल लागला ५ एप्रिल २०२३ ला. दहा वर्षांनी न्यायालयानं राज्यांना सांगितलं की अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. म्हणजे आमच्याकडं पैसा मुकादमानं दिला, तिकडं सरकारनं दिला, आणि दोन्हीकडं पिशवी गेलीच. पैसे कोण भरतं यानं तिच्या शरीराला काही फरक पडला नाही.

आपल्या राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं. २०२३ मध्ये ठरलं की राज्यातल्या सगळ्यांना तिचा लाभ, कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. या योजनेनं कुणाचं भलं झालं नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या भागातल्या दोघांच्या हृदयाची ऑपरेशनं तिच्यातून झाली, दोघं चालतेफिरते आहेत. पण कार्ड कधी चालतं ते बघा. दवाखान्यात दाखल झालात, यादीतला आजार असला, यादीतली शस्त्रक्रिया ठरली, की चालतं. अंगावर पांढरं जातं म्हणून बाह्यरुग्ण विभागात गेलात तर कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा. रक्त कमी आहे, पाळी अनियमित आहे, रक्तदाब वाढलाय, औषध रोज घ्यायचंय, यातल्या कशाला कार्ड चालत नाही. बाईचे नव्वद टक्के आजार असेच असतात, हे कुठल्या पाहणीत नाही, दहा वर्षं वस्त्यांवर बसून माझं झालेलं मत आहे. लहान असताना बघायला कुणी नाही, आणि मोठं झालं की पाच लाख!

फुल्यांचं नाव दिलंय म्हणून एक सांगावंसं वाटतं. सावित्रीबाई शिकवण्याचं शिक्षण घ्यायला आमच्या नगरला फरारबाईंच्या शाळेत आल्या होत्या. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगानं गेल्या. त्या रोग्यांकडं कार्ड आहे का, हे कुणी विचारल्याची नोंद नाही. असो.

आता आशाताईच्या प्रश्नाकडं येते. ‘आपल्या सरकारी दवाखान्यात काय मिळतं?’ या प्रश्नाला चळवळीतल्या आपण बऱ्याचदा बगल देतो. खाजगीकरणाविरुद्ध घोषणा देतो आणि स्वतःच्या बाळंतपणाला नर्सिंग होममध्ये नाव घालतो. मी घातलं होतं. का घातलं? कारण प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या बाईला काय बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. “आता ओरडतेस, तेव्हा नाही ओरडलीस?” हे वाक्य ज्या बाईनं ऐकलं, ती पुढच्या खेपेला कर्ज काढेल पण तिथं जाणार नाही. हा अपमान सरकारी पैशानं, सरकारी पगारावर होतो. दलित, पारधी, मुसलमान बाईचा जास्त होतो. खाजगीत निदान ‘बसा ताई’ म्हणतात. ‘बसा ताई’ला आपल्या बाया किती भुकेल्या आहेत हे न कळणारा माणूस खाजगीकरणाशी लढू शकणार नाही.

आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयातली आग विसरून कसं चालेल? ६ नोव्हेंबर २०२१, दिवाळीतला शनिवार. अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ कोविड रुग्ण त्या दिवशी गेले. सरकारी दवाखान्यात जीव वाचवायला ठेवलेली माणसं. मग चौकशी, निलंबनं, आणि अटक कुणाला? एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. चारही बायका. इमारत कुणी बांधली, आग विझवण्याच्या व्यवस्थेसाठी पैसे कुणी दिले नाहीत, हे प्रश्न वरच्या मजल्यांवर घुटमळत राहिले आणि पोलिसांची गाडी आधी नर्सेसच्या दारात आली. नर्सेसच्या संघटनांनी तेव्हा आवाज उठवला, आपण किती जणी त्यांच्याबरोबर होतो?

तर सरकारी दवाखाना वाईट आहे, हे मान्य. पण तो वाईट झाला कसा? तो आपोआप आजारी पडलेला नाही, त्याला उपाशी ठेवलंय. भोर समितीनं १९४६ मध्ये लिहून ठेवलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहता कामा नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं कबूल केलं की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ चा, म्हणजे कोविडच्या वर्षाचा हिशेब आला तो १.८४ टक्के. जागा रिकाम्या ठेवायच्या, भरल्या तर अकरा महिन्यांच्या करारावर भरायच्या, मग लोक वैतागले की म्हणायचं, बघा, सरकारला जमत नाही. म्हशीला वैरण घालायची नाही आणि दूध देत नाही म्हणून बाजारात न्यायची, त्यातला हा प्रकार. आणि बाजारात ती घेणारा सोयराच असतो.

सगळ्यात स्वस्तात राबवून घेतलं जातं ते आशाताईला. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानं तिला आणली. नोकर म्हणून नव्हे, स्वयंसेविका म्हणून. ती गर्भवतीची नोंद ठेवते, रात्री बाळंतिणीबरोबर जाते, कोविडमध्ये घरोघर तीच फिरली, सर्वेक्षणं तीच करते, फोनवर माहिती तीच भरते. पगार नाही, मोबदला. राज्यातल्या सत्तर हजारांवर आशांना साध्या वाढीचा सरकारी आदेश मिळवण्यासाठी २०२३ च्या अखेरीपासून संप करावा लागला, २०२४ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर थंडीत झोपावं लागलं. खाजगी दवाखान्यांना पॅकेजचे दर ठरवून दिले जातात, आशाताईला सेवाभाव. बाईच्या कष्टाला मायेचं नाव दिलं की पैसे द्यावे लागत नाहीत, हे आपल्या घरातही चालतं आणि मंत्रालयातही.

“म्हणजे तुम्हाला सगळं सरकारीच पाहिजे, बिगरसरकारी काहीच नको?” हा प्रश्न मला चर्चासत्रात विचारला गेला. उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. सरकारी नव्हते. त्यांनी काय केलं, तर गावातल्या बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, कितीतरी नवऱ्यानं टाकलेल्या, आणि त्यांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली. त्यांनी बाळंतपणं केली, कुपोषण ओळखलं, कुष्ठरोग्याला हात लावला, पाण्याचं बघितलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं, जग जामखेड पाहायला आलं. ते यशस्वी झालं कारण तिथं कुणाच्या आजारावर कुणाचं दुकान नव्हतं. आजार कमी झाले तर जामखेडचा प्रकल्प जिंकत होता. पॅकेजवर चालणारं रुग्णालय आजार कमी झाले तर बुडतं. तेव्हा माझं भांडण ‘सरकारी नाही’ याच्याशी नाही, विक्रीशी आहे. जामखेडचं नाव घेऊन उद्या कुणी कॉर्पोरेट रुग्णालयाला जागा मागू लागलं तर त्याला आधी खेड्यात मुक्कामाला पाठवा.

खाजगी दवाखाने उद्या बंद होणार नाहीत, हे मलाही कळतं. पण मग त्यांना लगाम कुठं आहे? केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्रानं घेतला नाही. आपल्याकडं १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, असं त्यात आहे. तुमच्या गावातल्या दवाखान्यात ती सनद कधी दिसली का, बघून या. कोविडमध्ये मे २०२० ला सरकारनं खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले, अतिदक्षता विभाग व्हेंटिलेटरसह दिवसाला नऊ हजार. दर बांधले, पण बिलं कुणी पाहायची? नवरा गेला, दागिने गेले, शेत गहाण पडलं आणि हातात बिल राहिलं, अशा किती विधवा आपल्या जिल्ह्यात आहेत! हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारानं कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, तिच्यातून आणि जनआरोग्य अभियानातून बिलं तपासायची मागणी पुढं आली. सरकार ज्याला ‘भागीदार’ म्हणतं, त्याच्याकडं हिशेब मागायला विधवांना जावं लागलं.

आता पुढं काय येतंय ते नीट बघायला हवं. जानेवारी २०२० मध्ये नीती आयोगानं योजना मांडली, की जिल्हा रुग्णालयं खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून द्यायची. खाटांचे दोन प्रकार, काही नियंत्रित दराच्या आणि काही बाजारभावाच्या. सरकारी रुग्णालयात बाजारभावाची खाट! मे २०२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली, अहिल्यादेवींच्या जन्मगावी. तिथं आपल्या जिल्ह्यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. आनंद आहे, मनापासून. पण त्याच्या नावात ‘सरकारी’ आहे, ते कारभारातही राहिलं पाहिजे. तपासण्या एका ठेकेदाराकडं, सफाई दुसऱ्याकडं, डॉक्टर करारावर, असं एकेक अंग देत गेलं की शेवटी पाटीच तेवढी सरकारी उरते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत झाला, चांगलं झालं. पण मोफत केसपेपरवर लिहायला कुणीतरी असायला हवं ना?

आमच्या बायकांच्या गटानं गेल्या दोन वर्षांत तीन गोष्टी लावून धरल्या आहेत. कारखाने सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या अगोदर, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाईडॉक्टरकडून आतून तपासणी, पडदा आणि टेबलासकट. पिशवी काढायला सांगितलेल्या प्रत्येक बाईला सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाचं दुसरं मत, लेखी. आणि नगर जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची बीडसारखी पाहणी. निवेदनं दिली आहेत, पोच आहे. पहिल्या मागणीवर ‘मनुष्यबळाअभावी’ असं उत्तर आलं. मनुष्यबळ! पाहिजे तेव्हा हजारो कोयते गोळा होतात आणि आम्हाला आठवड्याला एक बाईडॉक्टर गोळा होत नाही.

वहिनी दरवर्षी जाते. उचल फिटलेली नाही. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या जावेला तेच सुरू झालं, पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं. वय सव्वीस. तिला समोरच्या डॉक्टरनं पिशवीचं सांगितलं होतंच. वहिनीनंच तिला माझ्याकडं आणलं, म्हणाली, “ताई, हिच्या कागदावर सही करायची न्हाई.” मी दोघींना घेऊन गुरुवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले, कारण स्त्रीरोगतज्ज्ञ गुरुवारी येतात. दुपारी एकपर्यंत बसलो. त्या आल्या नाहीत, त्यांना दुसरीकडं ड्यूटी लागली होती. जाऊ रडकुंडीला आली होती. गाडीभाडं गेलं होतं, रोज बुडला होता. दवाखान्याच्या फाटकातून बाहेर आलं की रस्त्यापलीकडं खाजगी दवाखान्याची पाटी आहे, ‘गर्भपिशवीचे सर्व आजार’. ती पाटीकडं बघत होती. वहिनीनं तिचा हात धरला आणि एसटी स्टँडकडं ओढत नेली.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाई आल्या. तपासलं, नमुना घेतला, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या. खर्च झाला तो दोन वेळच्या गाडीभाड्याचा. दिवाळीनंतर ती कोयता घेऊन गेली, पिशवीसकट. मधल्या त्या आठ दिवसांत मी रोज संध्याकाळी तिला फोन करत होते, ती रस्ता ओलांडून तर गेली नाही ना, हे बघायला.